हॉटेलचा पत्ता आधी, पैसे नंतर

युरोप करून आलेल्या दादरकराला एक साधा प्रश्न विचारून बघा. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला उतरला होतात कुठे? उत्तर येतं, "हॉटेल छान होतं हो. नाश्ता भरपूर." मग पुढचा प्रश्न विचारा, गाव कोणतं? नवरा बायकोकडे बघतो, बायको मोबाइलमधले फोटो चाळायला लागते. टिटलिस डोंगरावरचा बर्फ सापडतो, लाकडी पूल सापडतो, घड्याळांच्या दुकानासमोरचा ग्रुप फोटोही सापडतो. ज्या गावात रात्री पाठ टेकली, त्या गावाचं नाव मात्र सापडत नाही.

माणशी लाखांत पैसे भरून केलेला प्रवास, आणि आपण कुठे झोपलो हेच माहीत नाही. मला याचा राग येतो. सहल कंपन्यांचा कमी आणि आपला जास्त.

कारण जागेची किंमत आपल्याइतकी कोणाला कळते? गिरगावातली कुटुंबं दोन खोल्यांत तीन पिढ्या काढतात, पण चर्नी रोड स्टेशन आणि चौपाटी चालत्या अंतरावर आहे हे सुख सोडत नाहीत. दादरला फ्लॅट बघायला गेलेला माणूस आधी विचारतो, पूर्व की पश्चिम? स्टेशनपासून चालत किती मिनिटं? लालबाग-परळच्या चाळींच्या पुनर्विकासाच्या मीटिंगांमध्ये लोक चौरस फुटांसाठी जितके भांडतात, तितकेच "आम्हाला इथंच जागा हवी" यासाठी भांडतात. हाच माणूस ल्युसर्नच्या तळ्याकाठी जायचं ठरवतो तेव्हा जेवणात जैन पर्याय आहे का, टिटलिसला किती वेळ मिळेल, शॉपिंगला किती, हे सगळं विचारतो. हॉटेल कुठे आहे, हे विचारत नाही. माहितीपत्रकात "ल्युसर्न किंवा झुरिक परिसर" आणि हॉटेलच्या नावापुढे "किंवा तत्सम" असं लिहिलेलं असतं. तेवढ्यावर आपण सही करतो.

आता हा "परिसर" म्हणजे काय ते सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये एगरकिंगेन नावाचं एक गाव आहे. जिनिव्हाकडून झुरिकमार्गे पूर्वेला जाणारा ए१ महामार्ग आणि बाझेलहून इटलीच्या सीमेकडे उतरणारा ए२ महामार्ग याच गावाजवळ एकमेकांना भेटतात. बसवाल्यांना याहून सोयीची जागा नाही, म्हणून भारतीय ग्रुप वर्षानुवर्षं तिथे उतरत आले आहेत. गावात वाईट असं काही नाही. पण तिथे तळं नाही, आणि ल्युसर्न पन्नासेक किलोमीटर लांब आहे. झुरिकच्या नावाखाली विमानतळाच्या आजूबाजूच्या क्लोटेन, ग्लाटब्रुगसारख्या वस्त्यांत खोल्या मिळतात. तिथूनही तळं दिसत नाही.

कंपन्या असं का करतात, हेही समजून घेतलं पाहिजे. पन्नास माणसांचा ग्रुप म्हणजे पंचवीसेक खोल्या, आणि त्या एकाच ठिकाणी, एकाच रात्री हव्यात. जुन्या शहरातली हॉटेलं लहान, त्यांच्या दारात बस जात नाही. बस उभी करायला जागा नसते आणि असली तर तिचे पैसे पडतात. शिवाय युरोपात बसचालकाचे तास कायद्याने बांधलेले आहेत. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबलंच पाहिजे, दिवसाला साधारणपणे नऊ तासांच्या वर चालवता येत नाही, आणि रात्रीची विश्रांती सलग मिळालीच पाहिजे. नियम उत्तम आहेत, आपल्याकडेही ते कडकपणे लागू व्हायला हवेत. पण त्याचा परिणाम असा की तुमची संध्याकाळ चालकाच्या घड्याळावर ठरते. आठच्या आसपास बस हॉटेलात पोचायला हवी. तिथून पुढे त्या दिवसाचं स्वित्झर्लंड तुमच्यापुरतं बंद.

आणि नेमकं तेव्हाच तळ्याकाठचं शहर उघडतं.

जूनमध्ये ल्युसर्नला सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. दिवसभर श्वानेनप्लात्झ या चौकात एकामागून एक बसगाड्या येतात, माणसं उतरतात, घड्याळं घेतात, पुलावर फोटो काढतात आणि निघून जातात. संध्याकाळी सहा-सातनंतर ही गर्दी ओसरते. कामावरून सुटलेली स्थानिक माणसं काठावर येऊन बसतात, पोरं पाण्यात उड्या मारतात, म्हातारी जोडपी बाकावर बसून आइस्क्रीम खातात. समोर पिलाटस डोंगर, उजव्या हाताला जुनं शहर. चौपाटीवर आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ज्यांचं आयुष्य गेलं, त्या माणसांना ही संध्याकाळ कळण्यासाठी कोणा गाइडची गरज नाही. पण त्या वेळी आपली माणसं महामार्गाकडेच्या खोलीत असतात, आणि टूर मॅनेजर उद्याचा वेकअप कॉल साडेपाचचा असल्याचं सांगत असतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. तळ्याकाठच्या शहरात जाताना काय बघायचं हे नंतर ठरवा, राहायचं कुठे हे आधी ठरवा. खोली लहान चालेल, नाश्त्याला पाच पदार्थ कमी चालतील. पण दाराबाहेर पडल्यावर दहा मिनिटांत पाणी लागलं पाहिजे आणि दहा मिनिटांत स्टेशन.

ल्युसर्नमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच जागी आहेत, म्हणून ते आपल्या लोकांसाठी सगळ्यांत सोपं शहर आहे. स्टेशन थेट तळ्याच्या काठावर आहे. बाहेर आलात की समोर बोटींचा धक्का. जुनी स्टेशन इमारत १९७१ साली जळाली, तिची कमान तेवढी चौकात जपून ठेवली आहे. तिच्या एका बाजूला ज्याँ नूव्हेल या वास्तुरचनाकाराने उभारलेलं संगीतगृह, पाण्यावर पुढे आलेल्या प्रचंड छपराचं. पूल ओलांडला की जुनं शहर. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. ते मध्यरात्रीनंतर सुटतं आणि पहाटे पोचतं. झुरिक विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे, तिथून थेट गाडी तासाभरात ल्युसर्नला सोडते. नऊच्या आत तुम्ही तळ्यासमोर उभे असता.

इथे राहण्याच्या जागेचा पहिला फायदा दिसतो. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय हातात येत नाही. हॉटेल स्टेशनजवळ असेल तर बॅगा तिथे टाकून तुम्ही मोकळे, बाहेर कुठे असेल तर सहा तास बॅगा सांभाळत बसायचं. रात्रभर विमानात अवघडून बसलेल्या सत्तरीच्या आईवडिलांना हे सहा तास काय करतात, ते त्यांना विचारा.

स्टेशनच्या मागच्या अंगाला, बुंडेसप्लात्झ आणि पिलाटुसस्ट्रासेच्या बाजूला जो भाग आहे त्याला नवं शहर म्हणतात. मी कुटुंबासाठी तोच सुचवेन. रस्ते सपाट आहेत, बॅगेची चाकं सरळ चालतात, किराणा दुकानं आणि बसथांबे जवळ आहेत, आणि चित्रातलं शहर नसल्यामुळे दर थोडे उतरतात. जुनं शहर देखणं आहे, पण दगडी फरसबंदीवर मोठ्या बॅगा ओढणं हे काम आहे, आणि जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही. असली तरी ती कधीकधी पहिल्या मजल्यापासून सुरू होते. तळ्याकाठच्या नात्सिओनालकाई रस्त्यावरची एकोणिसाव्या शतकातली मोठी हॉटेलं ज्यांना परवडतात त्यांनी खुशाल घ्यावीत, बाकीच्यांनी त्यांच्यासमोरच्या झाडांखाली फुकट फिरावं.

आणखी एक गोष्ट आहे, जी बुकिंगच्या वेळी सहसा कोणी सांगत नाही. ल्युसर्नमध्ये हॉटेलात रात्र काढणाऱ्या पाहुण्याला व्हिजिटर कार्ड मिळतं, आणि त्यावर मुक्काम असेपर्यंत शहराच्या विभागातल्या बस आणि रेल्वे मोफत. हॉटेलच्या बिलात माणशी रात्री जो पर्यटन कर लागतो, त्याच्या बदल्यात ही सोय आहे. तुम्ही एगरकिंगेनला झोपलात तर हे कार्ड तुमच्या नशिबी नाही.

मुक्काम शहरात असेल तर मंगळवारी किंवा शनिवारी सकाळी रॉइस नदीच्या दोन्ही काठांवर भरणारा बाजार चुकवू नका. भाजी, फळं, चीज, फुलं, पाव. दादरच्या फुलबाजारात पहाटे जाणाऱ्या माणसाला याचं महत्त्व पटवून द्यावं लागणार नाही. बसने आलेल्या ग्रुपची वेळ आणि या बाजाराची वेळ क्वचितच जुळते. लाकडी चॅपल ब्रिजही सकाळी सातला बघा. चौदाव्या शतकातला हा पूल १९९३ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री जळाला आणि छताखालची बरीचशी जुनी चित्रं गेली. पुढच्याच वर्षी शहराने तो पुन्हा उभा केला. काही फळ्यांवर चित्रं आहेत, काही रिकाम्या सोडल्या आहेत. अकरा वाजता त्या पुलावर खांद्याला खांदा लागतो आणि वर मान करून बघायला कोणी थांबत नाही.

एकाच ठिकाणी चार रात्री काढायच्या असतील तर ल्युसर्नहून सगळं हाताशी आहे. टिटलिससाठी एंगेलबर्गला रेल्वेने पाऊण तासाच्या आत. रिगीसाठी तासभर बोटीने व्हित्झनाऊ, तिथून वर जाणारी दाते असलेल्या रुळांची रेल्वे १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. पिलाटसची १८८९ ची रेल्वे तर अशा दातेरी रेल्वेंमध्ये चढाच्या बाबतीत जगात अव्वल. तळ्यावर चाकाची वाफेची जुनी जहाजं अजून नियमित चालतात, त्यांतलं 'उरी' १९०१ चं आहे. इंटरलाकेन रेल्वेने सुमारे दोन तास. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर रेल्वे, बस, बोट आणि रिगीसुद्धा त्यात बसतात, आणि आईवडिलांसोबत असलेली सोळा वर्षांखालची मुलं फॅमिली कार्डावर मोफत येतात. रोज बॅगा भरायच्या नाहीत, रोज नवी खोली शोधायची नाही. गुडघे दुखत असतील त्यांनी एक दिवस काठावरच्या बाकावर काढावा आणि बाकीच्यांनी डोंगरावर जाऊन यावं. ग्रुपच्या बसमध्ये ही मुभा नसते.

तळ्याकाठच्या वेग्गिस, व्हित्झनाऊ अशा लहान गावांत राहायची हौस अनेकांना होते. फोटो बघून व्हावी अशीच ती गावं आहेत. पण शहराकडून परतणारी शेवटची बोट आपल्या अपेक्षेपेक्षा खूप लवकर सुटते. वेळापत्रक बघितल्याशिवाय तिथे खोली घेऊ नका.

जिनिव्हाचं गणित वेगळं आहे, तिथे तारीख महत्त्वाची. परळच्या माणसाला हे आपुलकीनं कळायला हवं. लोअर परळच्या ज्या रस्त्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात, ते नारायण मल्हार जोशी १९१९ च्या वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांची बाजू मांडायला गेले होते. पुढे जिनिव्हाच्या परिषदांना ते अनेकदा गेले आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियामक मंडळावरही बसले. गिरणगावच्या मजुराचे कामाचे तास आणि बाळंतपणाची रजा या प्रश्नांची चर्चा या परिषदांत झाली. ती परिषद आजही दर जूनमध्ये जिनिव्हाला भरते, जगभरचे प्रतिनिधी येतात आणि हॉटेलांचे दर चढतात. वसंतात घड्याळांचं मोठं प्रदर्शन असतं, तेव्हाही तेच. म्हणजे आपल्या शाळांना सुटी असते त्या महिन्यांत जिनिव्हा महाग होऊ शकतं. आधी त्या आठवड्यात कोणती परिषद आहे ते बघा, मग तिकीट काढा.

जिनिव्हात कोर्नाव्हाँ हे मुख्य स्टेशन आणि तळं यांच्यामध्ये पाकी नावाची वस्ती आहे. तिच्याबद्दल नाकं मुरडली जातात, कारण तिचे काही रस्ते रात्री वेश्याव्यवसायाचे आहेत. तरी मी ती वस्ती वगळणार नाही. स्टेशन पाच मिनिटांवर, तळ्याचा काठ पाच मिनिटांवर, जगभरचं जेवण, त्यात भारतीयही. ज्यांना ते नको वाटेल त्यांनी पलीकडच्या काठावर ओ-व्हीव्हमध्ये राहावं, तिथे शांतता आहे आणि १४० मीटर उंच उडणारं कारंजं जवळ. जिनिव्हात हॉटेल, होस्टेल, अगदी तंबूच्या जागेत राहिलात तरी शहरातल्या वाहतुकीचं मोफत कार्ड मिळतं, आणि तळ्यातल्या लहान पिवळ्या बोटीही त्यात येतात. काही लोक पैसे वाचवायला सीमेपलीकडे फ्रान्समधल्या आनमासला उतरतात. २०१९ च्या डिसेंबरपासून लेमाँ एक्स्प्रेस ही रेल्वे तिथून धावते, त्यामुळे अंतराची अडचण उरली नाही. पण ते कार्ड मिळत नाही आणि रोजचं चौघांचं तिकीट काढावं लागतं. त्यामुळे वाचणारा पैसा कागदावर दिसतो तेवढा वाचत नाही. हिशेब मांडून मगच जा.

झुरिक हे तळ्याकाठचं असलं तरी स्टेशनपासून तळं दूर पडतं, आणि ल्युसर्न-जिनिव्हासारखं मोफत कार्ड तिथे नाही, झुरिक कार्ड विकत घ्यावं लागतं. माझ्या मते ते शहर एका दिवसात बघून निघावं. इंटरलाकेन दोन तळ्यांच्या मधोमध आहे, दोन स्टेशनांचं गाव. युंगफ्राऊचं ३४५४ मीटरवरचं स्टेशन गाठायचं असेल तर पूर्वेच्या 'ओस्ट' स्टेशनाजवळ राहा, थुनच्या तळ्यावर वेळ घालवायचा असेल तर 'वेस्ट'ला. यश चोप्रांचा पुतळा बघायला दोन्हीकडून चालत जाता येतं.

आता घरातल्या गोष्टी, ज्यांच्यावर खरी भांडणं होतात.

चौघांच्या कुटुंबाला एका खोलीत चार पलंग मिळतील हे गृहीत धरू नका. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत डबल रूम म्हणजे दोनच माणसं. जादा गादी टाकून देणं ही आपल्याकडची रीत तिथे चालत नाही. संख्या लपवून चौथा माणूस आत घेणं हा गैरप्रकार आहे, आणि पकडलं गेल्यावर होणारी शोभा मुलांसमोर होते. त्यापेक्षा युथ होस्टेलच्या फॅमिली रूम बघा. वयाची अट नसते, नाश्ता असतो, जागा स्वच्छ असते. जिनिव्हाचं होस्टेल तर पाकीतच, तळ्यापासून जवळ आहे. "होस्टेल म्हणजे कॉलेजच्या पोरांचं" हा समज दादर-गिरगावच्या घरांनी आता सोडावा.

स्वयंपाकघर असलेली जागा घेतली तर उत्तम. दिवसाचं एक जेवण घरी झालं की खर्चाचा मोठा भाग वाचतो, आणि वरणभात खाल्लेली म्हातारी माणसं दुसऱ्या दिवशी हिंडायला तयार असतात. तांदूळ, दही, भाज्या, मसूर तिथल्या दुकानांत सहज मिळतात. फक्त रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनमधली तेवढी उघडी. हेही स्टेशनजवळ राहण्याचं एक कारण. साजूक तुपाची बरणी आणि पेढ्यांचा पुडा मात्र घरी ठेवा. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. मेतकूट, चटणी, लालबागचा चिवडा बिनधास्त न्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिण्यासारखं असतं. झुरिकमध्ये तर बाराशेच्या वर सार्वजनिक कारंजी आहेत, त्यांपैकी बहुतेकांचं पाणी पिता येतं.

ज्या खोलीत चूल नाही त्या खोलीत मात्र विजेच्या शेगडीवर फोडणी देऊ नका. धुराची सूचना देणारी यंत्रं वाजतात, आणि वाजली की फायर ब्रिगेडचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते आणि शेजारी ती पाळून घेतात. दहा माणसांचा पत्त्यांचा डाव काठावरच्या बागेत मांडा.

आईवडील सोबत असतील तर बुकिंगआधी ईमेल करून दोन गोष्टी विचारा. लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे का, आणि आंघोळीला शॉवरची सपाट जागा आहे की टब. टबची कड ओलांडताना गुडघा बदललेल्या माणसाचा तोल जाऊ शकतो. परदेशात पडण्याचा खर्च आणि हाल दोन्ही भयंकर. हॉटेलं अशा ईमेलना नीट उत्तरं देतात.

व्हिसासाठी तर राहण्याची जागा हाच आधार आहे. शेंगेन देशांत फिरताना ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि त्यासोबत मुक्कामाचा पुरावा लागतो. काही एजंट त्यासाठी खोटं बुकिंग काढून देतात. ते घेऊ नका. ठरावीक तारखेपर्यंत मोफत रद्द करता येणाऱ्या खऱ्या खोल्या सहज मिळतात, त्या घ्या. देशाबाहेर पाऊल टाकण्याच्या आधीच खोटा कागद पुढे करण्याची गरज काय?

ग्रुप टूरच्या विरोधात मी नाही, हे स्पष्ट करतो. केसरी पाटील यांनी १९८४ साली माहीममधून आपली सहल कंपनी सुरू केली, आणि त्यांच्यासारख्यांमुळे इंग्रजी न बोलणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या हजारो मराठी बायकामाणसांनी जग बघितलं. ज्यांना बॅग उचलता येत नाही, रस्ता शोधायचा नाही, आजारी पडलो तर सोबत मराठी माणूस हवा आहे, त्यांनी ग्रुपनेच जावं. त्या सोबतीची किंमत मोठी आहे. पण ग्रुपने जाणाऱ्यालाही पत्ता विचारण्याचा हक्क आहे. पाच देशांऐवजी दोन देशांची टूर मागण्याचा हक्क आहे. दादरच्या गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून तर टिटलिसवर भारतीय जेवण मिळायला लागलं. डाळ-भात मागून मिळतो, तर तळ्याकाठचा मुक्कामही मागून मिळेल. आपण तो मागतच नाही.

आणि जे पन्नाशीच्या आतले आहेत, कामावर इंग्रजी बोलतात, मोबाइलवर रोज नकाशा बघून अंधेरीच्या मीटिंगला जातात, त्यांनी ग्रुपच्या बसमध्ये बसून महामार्गाकडेला झोपायला जायचं काहीच कारण नाही. स्विस रेल्वे समजायला दादरचा पूल समजण्याहून सोपी आहे. चार रात्री एका तळ्याकाठी काढा. आठ देशांची यादी नसली तरी चालेल.

येत्या मे महिन्यासाठीची बुकिंगं आता सुरू होतील, प्रदर्शनं भरतील, लवकर नाव नोंदवणाऱ्याला सवलत मिळेल. पहिला हप्ता भरण्याआधी हॉटेलचं नाव, गावाचं नाव आणि तळ्यापासूनचं अंतर लेखी मागा. "परिसर" आणि "तत्सम" एवढंच उत्तर मिळालं, तर पत्ता हातात येईपर्यंत पैसे भरू नका.